आरेसची बदनामी कितपत खरी?

प्रश्न असा आहे: ग्रीक पुराणांतील युद्धदेव आरेस हा खरोखरच रक्ताला चटावलेला, भित्रा आणि देवांनाही नकोसा झालेला देव होता का? आणि अलीकडे काही जण त्याला 'स्त्रियांचा रक्षक' म्हणून गौरवतात, त्यात तथ्य किती? मी गेली बावीस वर्षे महाकवी होमर आणि ग्रीक नाटककार मूळ भाषेत वाचते आणि शिकवते. आरेसचा विषय निघाला की विद्यार्थ्यांच्या मनात निकाल आधीच लागलेला असतो, असा माझा दर वर्षीचा अनुभव आहे. म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देते.

माझे मत आधीच सांगून टाकते. आरेसविषयी जे वाईट लिहिले गेले, ते ग्रीकांनीच लिहिले आणि मनापासून लिहिले, त्यामुळे ते पुसून टाकता येणार नाही. मात्र ते कोण बोलते, कोणत्या प्रसंगी बोलते आणि त्याच ओळींच्या मागेपुढे काय येते, हे न पाहता केलेली निवड म्हणजे आज प्रचलित असलेली त्याची प्रतिमा होय. ज्यांना युद्धावर जावे लागत होते आणि ज्यांच्या घरातले माणूस युद्धावरून परत येत नव्हते, त्या ग्रीकांचा आरेस या प्रतिमेपेक्षा फार वेगळा आणि फार खोल आहे.

बदनामीचा मुख्य आधार आहे होमरच्या इलियडचा, म्हणजे ग्रीक आणि ट्रॉय शहराचे लोक (ट्रोजन) यांच्या युद्धावरील महाकाव्याचा, पाचवा सर्ग. ट्रोजनांच्या बाजूने लढणारा आरेस पेरिफस नावाच्या योद्ध्याला मारून त्याच्या अंगावरची शस्त्रे उतरवीत असतो. तेवढ्यात ग्रीक योद्धा डायोमीडीज रथ घेऊन त्याच्यावर चाल करतो. त्या रथात सारथी म्हणून स्वतः देवी अथीना बसली आहे आणि आरेसला दिसू नये म्हणून तिने डोक्यावर पाताळदेव हेडीसचे अदृश्य करणारे शिरस्त्राण घातले आहे. आरेसचा भाला ती हाताने बाजूला सारते आणि डायोमीडीजचा भाला आरेसच्या ओटीपोटात, कमरपट्ट्याच्या जागी, आपल्या बळाने रुतवते. नऊ-दहा हजार माणसे रणांगणावर एकदम ओरडावीत तसा आरेस ओरडतो, काळ्या धुक्यासारखा वर निघून जातो आणि देवांचा राजा असलेल्या आपल्या बापापुढे, झ्यूसपुढे, आपले वाहते रक्त दाखवून गाऱ्हाणे मांडतो. झ्यूस त्याची चांगलीच कानउघाडणी करतो. माझ्याजवळ बसून रडगाणे गाऊ नकोस, तू सारखी बाजू बदलणारा आहेस, ऑलिम्पसवरच्या सर्व देवांमध्ये मला तुझाच सर्वाधिक तिटकारा आहे, कारण भांडण, युद्धे आणि लढाया हेच तुला नेहमी प्रिय असते, असे तो म्हणतो. कुठलेही परिचयपर पुस्तक उघडले तर आरेसविषयी हेच वाक्य पुढे केलेले दिसते आणि बहुतेक वेळा ते तिथेच संपते.

मूळ ग्रीक वाचणाऱ्याला मात्र ही ओळ ऐकताच काही तरी आठवते, कारण ती त्याने आधी ऐकलेली असते. इलियडच्या पहिल्याच सर्गात, १७७व्या ओळीत, ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन आपल्याच बाजूच्या अकिलीस या योद्ध्यावर संतापून म्हणतो की झ्यूसने पोसलेल्या सर्व राजांमध्ये मला तुझाच सर्वाधिक तिटकारा आहे, कारण भांडण, युद्धे आणि लढाया हेच तुला नेहमी प्रिय असते. पाचव्या सर्गातील ८९१वी ओळ शब्दशः हीच आहे आणि तिच्या आधीच्या ओळीतील 'एख्थिस्तोस', म्हणजे 'सर्वाधिक नकोसा', हा शब्दही दोन्हीकडे सारखा आहे. मौखिक परंपरेतील काव्यात ठरावीक ओळी पुन्हा पुन्हा येतात हे खरे आहे, पण ही ओळ कुठेही सहज खपून जाईल अशी नाही. ती कोणाला ऐकवली जाते याला अर्थ आहे. ज्या महाकाव्याचा नायक अकिलीस आहे, त्या महाकाव्यात आरेसला मिळालेली शिवी ही अकिलीसला मिळालेलीच शिवी आहे. ॲगमेम्नॉनच्या त्या वाक्यावरून अकिलीसचे मोल कोणी ठरवत नाही. रागावलेल्या माणसाचे ते बोल आहेत, हे आपण लगेच ओळखतो. झ्यूसच्या वाक्याला मात्र आपण न्यायनिवाडा समजतो.

शिवाय झ्यूस तिथे थांबत नाही. तुझ्यात तुझ्या आईचा, हेराचा, न वाकणारा ताठा उतरला आहे, असे म्हणून तो बायकोवरचा राग मुलावर काढतो आणि लगेच म्हणतो की तरीही तुला वेदनेत मी फार वेळ पाहू शकत नाही, कारण तू माझ्या पोटचा आहेस. मग देवांचा वैद्य पाईयोन येतो आणि जखमेवर औषध लावतो. होमर इथे एक घरगुती उपमा देतो: अंजिराचा चीक घालून ढवळताच पांढरे पातळ दूध जसे झटकन घट्ट होते, तशी आरेसची जखम भरून येते. तारुण्याची देवी हेबी त्याला न्हाऊ घालते, चांगले कपडे नेसवते आणि तो झ्यूसच्याच शेजारी आपल्या तेजात जाऊन बसतो. सर्गाच्या शेवटापर्यंत वाचणाऱ्याच्या मनात हे चित्र राहते. दुर्दैवाने फार थोडे जण तिथपर्यंत वाचतात.

आता अथीनाशी होणाऱ्या तुलनेकडे वळते. आरेस म्हणजे आंधळी हिंसा आणि अथीना म्हणजे विवेकी युद्धनीती, असे समीकरण शाळेपासून आपल्या कानावर पडते. त्यात काही अंश खरा आहे, कारण अथीना कारागिरीची आणि मसलतीची देवता आहे आणि आरेसकडे यांतले काहीच नाही. पण विवेक म्हणजे सौम्यपणा असे जर कोणी त्यातून समजत असेल, तर इलियडचा चौथा सर्ग वाचावा. दोन्ही सैन्यांनी शपथा घेऊन, बळी देऊन तह केलेला असतो आणि ट्रोजन राजपुत्र पॅरिस आणि ग्रीक राजा मेनेलॉस यांच्या द्वंद्वावर युद्ध संपण्याच्या बेतात असते. तो तह मोडतो अथीनामुळे. हेराच्या आग्रहावरून झ्यूस तिला पाठवतो, ती एका ट्रोजन योद्ध्याचे रूप घेऊन ट्रोजनांच्या बाजूचा धनुर्धर पँडारस याला भरीस घालते, त्याचा बाण मेनेलॉसला लागतो आणि युद्ध पुन्हा पेटते. ट्रोजनांचा प्रमुख वीर हेक्टर अकिलीसपुढून पळत असताना त्याचा भाऊ डेईफोबस बनून त्याला थांबवणारी आणि ऐनवेळी नाहीशी होणारीही अथीनाच आहे. या दोन्ही प्रसंगांत आरेस कुठेच नाही. ग्रीकांना अथीनाचा हा पैलू ठाऊक होता आणि त्यांनी तिला 'अरेइया', म्हणजे 'आरेसची' किंवा 'आरेससारखी', हे बिरुद देऊन तिची पूजाही केली. अकिलीसच्या ढालीवर देवांचा लोहार हेफेस्टस याने घडवलेल्या चित्रात चालून जाणाऱ्या सैन्यापुढे आरेस आणि अथीना दोघेही सोन्याचे, सोन्याच्याच वस्त्रांत, एकमेकांच्या बरोबरीने चाललेले आहेत.

माझ्या दृष्टीने आरेसचा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग मात्र पंधराव्या सर्गात आहे आणि त्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष जात नाही. ऑर्कोमेनसचा राजा ॲस्कॅलाफस हा आरेसचा मुलगा, पण तो ग्रीकांच्या बाजूने लढायला आलेला आहे. तेराव्या सर्गात डेईफोबस इडोमेनियस या ग्रीक योद्ध्यावर भाला फेकतो, नेम चुकतो आणि तो भाला ॲस्कॅलाफसच्या खांद्यातून आरपार जातो. तो धुळीत पडून मुठीत माती आवळतो. त्या वेळी आरेस झ्यूसच्या आज्ञेने ऑलिम्पसवर सोनेरी ढगांखाली अडकलेला असतो आणि आपला मुलगा पडल्याचे त्याला कळतही नाही, असे कवी मुद्दाम सांगतो. ही बातमी पंधराव्या सर्गात हेरा देवसभेत बोलता बोलता देते. आरेस दोन्ही तळहात आपल्या मांड्यांवर आपटतो आणि आक्रोश करतो. मराठी वाचकाला इथे शड्डू ठोकणारा पैलवान आठवेल, पण होमरमध्ये ही खूण दुःखाने व्याकूळ झालेल्या माणसाची आहे. मुलाच्या मृत्यूचा सूड घ्यायला मी खाली गेलो तर मला दोष देऊ नका, मग झ्यूसच्या वज्राने जळून प्रेतांच्या राशीत, रक्तात आणि धुळीत पडणे माझ्या नशिबी असले तरी चालेल, असे तो म्हणतो. फोबस आणि डेइमस या आपल्या मुलांना तो घोडे जुंपायला सांगतो. अथीना धावत येते, त्याच्या डोक्यावरचे शिरस्त्राण, खांद्यावरची ढाल आणि हातातला भाला काढून ठेवते, याच्याहून सरस वीरही मेले आहेत आणि पुढे मरतील, असे सुनावते आणि त्याला खुर्चीवर बसवते. तो बसतो. ज्याला भित्रा म्हणतात तो देव इथे मृत मुलासाठी प्रेतांत पडून राहायला तयार झालेला आहे. पुढच्याच सर्गात झ्यूस आपल्या मुलासाठी, सार्पेडॉनसाठी, रक्ताचा पाऊस पाडतो आणि त्याला कोणी दुबळे म्हणत नाही.

हाच प्रसंग 'बाजू बदलणारा' या आरोपावरही प्रकाश टाकतो. आरेस ट्रोजनांकडून लढतो, त्याचा मुलगा ग्रीकांकडून लढतो आणि मुलाला मारणारा डेईफोबस ट्रोजन आहे. युद्धाला कोणाचीच बाजू नसते, हे होमरने एका देवाच्या घरातच घडवून दाखवले आहे. अठराव्या सर्गात हेक्टरच्या तोंडी हीच गोष्ट स्पष्ट शब्दांत येते. ट्रोजन योद्धा पॉलिडॅमस शहराच्या तटाआड परत जायचा शहाणपणाचा सल्ला देतो, तेव्हा हेक्टर तो धुडकावतो आणि म्हणतो की एनियालिओस सर्वांना सारखाच आहे, मारू पाहणाऱ्यालाही तो मारतो. एनियालिओस हे आरेसचेच दुसरे नाव. ट्रोजन त्याचा जयजयकार करतात, आणि अथीनाने त्या मूर्खांची बुद्धी हरून घेतली होती, असे कवी म्हणतो. हेक्टरचे शब्द लवकरच हेक्टरलाच लागू होतात.

इथे भाषेचाही एक मुद्दा लक्षात घ्यायला हवा, कारण भाषांतरात तो हरवतो. ग्रीकमध्ये 'आरेस' हे देवाचे नाव आहे आणि त्याच वेळी तो युद्धासाठी, हातघाईसाठी, मरणाच्या प्रहारासाठी वापरला जाणारा साधा शब्दही आहे. त्यामुळे कवी जेव्हा आरेसला दूषणे देतो, तेव्हा तो एका व्यक्तिरेखेचा स्वभाव सांगतो आहे की युद्धाच्या नावाने बोटे मोडतो आहे, हे नेहमी वेगळे करता येत नाही. एस्किलसच्या 'ॲगमेम्नॉन' या इ.स.पू. ४५८मधील नाटकातील वृंदगीत पाहा. तिथे आरेसला शरीरांचा सराफ म्हटले आहे. भाल्यांच्या लढाईत तो तराजू धरून बसतो आणि ट्रॉयहून घरच्यांकडे माणसांच्या बदल्यात राख पाठवतो, सहज उचलता येतील अशा कलशांत भरलेली, पण आसवांनी जड झालेली. सराफ जसा सोने घेऊन चलन देतो, तसा हा देव जिवंत माणूस घेऊन मूठभर राख देतो. ही ओळ शिकवताना मी दर वेळी थांबते. हिच्यात आरेसविषयी राग आहे, पण तुच्छता मुळीच नाही. ज्या शहरात दर वर्षी युद्धात पडलेल्यांच्या अस्थी आणून सार्वजनिक अंत्यविधी होत असे, त्या अथेन्सच्या प्रेक्षकांपुढे हे गीत म्हटले गेले होते.

आरेसला हास्यास्पद करणारी गोष्ट आहे ती होमरच्या दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीच्या आठव्या सर्गात. आरेस आणि अ‍ॅफ्रोडाइटी या चोरून भेटणाऱ्या जोडीला तिचा नवरा हेफेस्टस अदृश्य जाळ्यात पकडतो आणि देव जमून हसतात. गोष्ट मजेदार आहे आणि ती तशीच वाचावी. फक्त एवढेच लक्षात ठेवावे की ती फिएशियन लोकांच्या मेजवानीत, नाचगाण्याच्या मधोमध, आंधळा गायक डेमोडोकस गातो. ज्या लोकांना मुष्टियुद्ध आणि कुस्तीपेक्षा जेवण, वीणा आणि नृत्य प्रिय आहे असे त्यांचा राजाच सांगतो, त्या लोकांपुढे युद्धदेव जाळ्यात अडकलेला दाखवला जावा, हे स्वाभाविकच आहे. सुटका होताच आरेस ग्रीसच्या उत्तरेकडील थ्रेस प्रदेशाला निघून जातो. या उल्लेखावरून आणि थ्रेसचे लोक आरेसला भजतात या इतिहासकार हेरोडोटसच्या नोंदीवरून, तो मुळात परका, रानटी मुलखातून आलेला देव होता, असे पूर्वी ठामपणे सांगितले जाई. १९५२मध्ये मायकेल व्हेंट्रिसने लीनियर बी ही अतिप्राचीन ग्रीक लिहिण्याची लिपी उलगडल्यानंतर ते सांगणे अवघड झाले. क्रीटमधील क्नॉसॉसच्या मृत्पट्टिकांवर, म्हणजे होमरच्याही कित्येक शतके आधी, एनियालिओसचे नाव अथीना आणि समुद्रदेव पोसायडन यांच्या बरोबरीने कोरलेले आहे आणि आरेसचेही नाव त्या पट्टिकांत सापडते. तो ग्रीकांचा जुना, घरचाच देव होता. त्याला सीमेपलीकडचा ठरवणे हे युद्धाला दूर ठेवू पाहणाऱ्या मनाचे काम असावे, असे मला वाटते.

महाकाव्यातून बाहेर पडून प्रत्यक्ष उपासनेकडे आले की चित्र बरेच बदलते. आरेसची मंदिरे झ्यूस किंवा अपोलोच्या मानाने थोडी होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण जिथे होती तिथे ती मनोभावे जपलेली होती. अथेन्सच्या उत्तरेला अखार्नाय हे गाव आहे. तिथे १९३२मध्ये इ.स.पू. चौथ्या शतकातील एक शिला सापडली, जी आरेस आणि अथीना अरेइया यांच्या पुजाऱ्याने उभारली होती. तिच्यावर अठरा वर्षांच्या अथेनियन तरुणांनी सैन्यशिक्षणाच्या आरंभी घ्यायची शपथ कोरलेली आहे. पवित्र शस्त्रांना मी लाज आणणार नाही, रांगेत जिथे उभा असेन तिथे माझ्या शेजारच्याला सोडून जाणार नाही, मायभूमी मला मिळाली त्याहून उणी करून नव्हे तर वाढवून पुढच्यांच्या हाती देईन, कायदे पाळीन आणि ते मोडू पाहणाऱ्याला अडवीन, असा तिचा आशय आहे. साक्षीला देव आहेत: आग्लाउरोस, हेस्टिया, एनियो, एनियालिओस, आरेस आणि अथीना अरेइया, झ्यूस आणि आणखी काही. शेवटचे साक्षीदार मात्र देव नाहीत. ते आहेत देशाच्या सीमा, गहू, जव, द्राक्षवेली, ऑलिव्ह आणि अंजीर. शेजाऱ्याला सोडून जाणार नाही, हे वचन त्या तरुणाने आरेसच्या साक्षीने द्यायचे होते. ज्या देवाला वाङ्मयात रणांगणातून पळालेला म्हटले आहे, त्याच्याकडेच पाय रोवून उभे राहण्याचे बळ मागितले जात होते.

सैनिकांचा हा संबंध इतर ठिकाणीही दिसतो. इ.स.पू. ४०१मध्ये क्युनाक्साच्या लढाईत ग्रीक भाडोत्री सैन्य शत्रूवर धावून जाताना सर्वांनी एनियालिओसच्या नावाने आरोळी दिली, असे त्या लढाईत हजर असलेल्या झेनोफोनने लिहून ठेवले आहे. स्पार्टामध्ये एनियालिओसची एक फार जुनी मूर्ती साखळदंडांनी जखडलेली होती. इ.स.च्या दुसऱ्या शतकातील प्रवासी पौसानियस तिचे कारण सांगतो: हा देव आपल्याला सोडून कधीच जाऊ नये, अशी स्पार्टन लोकांची भावना होती.

याच पौसानियसने आर्केडियातील टेगिया या गावी आरेसच्या दोन कथा टिपून ठेवल्या आहेत आणि त्या माझ्या फार आवडीच्या आहेत. टेगियाच्या बाजारचौकात आरेसची एक शिला होती आणि तिथे त्याला 'गिनाइकोथोइनास' म्हणत, म्हणजे स्त्रिया ज्याला मेजवानी देतात तो. स्पार्टाचा राजा खारिलोस गावावर चालून आला, तेव्हा गावच्या बायकांनी हत्यारे उचलली आणि एका टेकडीच्या आडोशाला दबा धरला. पुरुषांची लढाई ऐन भरात असताना त्या पुढे आल्या आणि त्यांनी स्पार्टन सैन्य उधळून लावले. सर्वांत शूर ठरली ती मार्पेसा, जिला खोइरा असेही म्हणत, आणि तिची ढाल पुढे अथीना अलेयाच्या मंदिरात ठेवलेली होती. त्या विजयाबद्दल बायकांनी आरेसला स्वतंत्रपणे बळी दिला आणि त्या मांसातला वाटा पुरुषांना दिला नाही. ग्रीक समाजात बळीच्या मांसाची वाटणी हा मानाचा विषय होता, हे ध्यानात घेतले की या नकाराचे वजन कळते.

दुसरी कथा टेगियाच्याच परिसरातील एका डोंगरावरच्या देवळाची आहे. सेफियसची मुलगी एरोपी आरेसच्या मुलाला जन्म देताना मरण पावते. ते मूल मेलेल्या आईच्या छातीला बिलगून राहते आणि आरेसच्या कृपेने त्या थंड झालेल्या स्तनांतून त्याला भरपूर दूध मिळत राहते. म्हणून तिथल्या आरेसला 'आफ्नेइओस', म्हणजे भरभरून देणारा, म्हणतात. बाळंतपणात मेलेल्या मातेच्या तान्ह्याला जगवणारा युद्धदेव कोणत्याही परिचयपर पुस्तकात सापडत नाही.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येते. आरेस स्त्रियांचा रक्षक होता, या म्हणण्याला आधार म्हणून अरिओपॅगसची कथा सांगितली जाते आणि ती खरोखरच सांगण्यासारखी आहे. अथेन्सचा आद्य राजा केक्रोप्स याची मुलगी आग्लाउरोस आणि आरेस यांना आल्किप्पी नावाची मुलगी होती. पोसायडनचा मुलगा हालिरोथिओस याने एका झऱ्याकाठी तिच्यावर हात टाकला, तेव्हा आरेसने त्याला ठार मारले. पोसायडनने खुनाचा आरोप ठेवला, अक्रोपोलिसच्या पश्चिमेकडील टेकडीवर देव न्यायासनावर बसले आणि त्यांनी आरेसला निर्दोष सोडले. खुनाचा हा पहिला खटला, आणि टेकडीचे नाव पडले अरिओपॅगस, म्हणजे आरेसची टेकडी. अथेन्सचे हेतुपुरस्सर हत्येचे खटले चालवणारे न्यायालय याच टेकडीवर भरत असे. आरोपी आणि फिर्यादी यांनी उभे राहण्यासाठी तिथे दोन ओबडधोबड शिळा होत्या, एक उन्मत्तपणाची आणि एक निष्ठुरतेची. युरिपिडीजने 'इलेक्ट्रा' नाटकात हा खटला तीन-चार ओळींत सांगितला आहे. मुलीवरच्या अत्याचाराने पेटलेल्या आरेसच्या क्रोधाला तो 'मेनिस' म्हणतो. इलियडचा अगदी पहिला शब्द हाच आहे, तिथे तो अकिलीसचा क्रोध आहे. आणि त्याच वाक्यात युरिपिडीज आरेसला 'क्रूर मनाचा' असेही म्हणतो. म्हणजे त्या काळच्या प्रेक्षकाला क्रूर मनाचा देव आणि मुलीसाठी न्याय्य ठरलेला बाप ही दोन वर्णने एकाच वाक्यात खटकत नव्हती. अखार्नायच्या शिलेवरील साक्षीदारांत सर्वांत आधी आग्लाउरोसचे नाव आहे, हेही इथे आठवावे. ती आल्किप्पीची आई.

मात्र या कथेवरून आरेसने कधीच कोणा स्त्रीवर अन्याय केला नाही, असे सरसकट विधान करणे मला मान्य नाही. ग्रीक लेखक प्लूटार्कच्या नावावर चालत आलेल्या एका संग्रहात तो मेंढपाळाचे रूप घेऊन फिलोनोमीला फसवतो, ती गरोदर राहते आणि वडिलांच्या भीतीने जुळी मुले नदीत टाकते. ॲस्कॅलाफसच्या आईबद्दल होमर एवढेच सांगतो की आरेस तिच्याकडे माडीवर चोरून गेला. तिची संमती होती की नव्हती, हे तो सांगत नाही. टेगियाच्या बायकांनीही त्याला रक्षक म्हणून भजले नाही, लढाई त्यांनी स्वतः जिंकली होती आणि त्या लढाईचा देव म्हणून त्यांनी त्याला नैवेद्य दिला. अरिओपॅगसच्या नावाची एस्किलसने दिलेली व्युत्पत्तीही वेगळी आहे: अथेन्सचा राजा थीसियस याच्यावर चालून आलेल्या लढवय्या ॲमेझॉन स्त्रियांनी तिथे तळ ठोकून आरेसला बळी दिले म्हणून ते नाव पडले. दोन्ही कथा अथेन्सच्याच आहेत आणि एक खरी ठरवून दुसरी टाकून देता येत नाही. जुन्या बदनामीच्या जागी नवा निष्कलंक आरेस बसवला, तर मूळ ग्रंथ पुन्हा बंदच राहतील.

थीबीज या ग्रीक नगराच्या परंपरेविषयी थोडे सांगते. ते नगर वसवणाऱ्या कॅडमसने आरेसच्या झऱ्यावरचा नाग मारला, त्याचे प्रायश्चित्त म्हणून आरेसची चाकरी केली आणि मग त्याला आरेस व अ‍ॅफ्रोडाइटी यांची मुलगी बायको म्हणून मिळाली. तिचे नाव हार्मोनिया, म्हणजे सांधा, जुळणी, मेळ. कवी हेसिअडने दिलेल्या देवांच्या वंशावळीत फोबस आणि डेइमस, म्हणजे भय आणि थरकाप, हे तिचे सख्खे भाऊ आहेत.

शेवटी एक उशिराचे स्तोत्र आणि त्याच्या अनुषंगाने आपल्याकडचा एक धागा. होमरच्या नावावरील स्तोत्रसंग्रहात आठवे स्तोत्र आरेसचे आहे. भाषेवरून आणि आशयावरून ते होमरच्या पुष्कळ नंतरचे, प्राचीन काळाच्या अखेरीचे ठरते, कारण त्यात आरेस हा सात ग्रहांच्या मार्गात आपला ज्वलंत गोल फिरवणारा ग्रह, म्हणजे आपला मंगळ, झालेला आहे. हा ग्रहरूप आरेस भारतातही पोहोचला. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहज्जातकात ग्रहांची पर्यायी नावे दिली आहेत आणि तिथे सूर्याला हेलि, तर मंगळाला 'आर' म्हटले आहे. हेलि म्हणजे हेलिओस आणि आर म्हणजे आरेस, हे अभ्यासकांनी केव्हाच ओळखले आहे. त्याच ओळीत मंगळाचे 'क्रूरदृक्' हेही नाव आहे. पत्रिकेतल्या मंगळाची धास्ती घेणाऱ्या मराठी घरात या ग्रीक देवाचे नाव संस्कृत ग्रंथातून पूर्वीच येऊन राहिलेले आहे.

त्या स्तोत्रातील भक्त आरेसकडे विजय मागत नाही. माझ्या डोक्यातला कडवट भ्याडपणा झटकून टाकण्याचे बळ दे, मला भयाण रणधुमाळीत ओढणारा अंतःकरणातला जळता आवेश आवरण्याचे बळ दे आणि शांततेच्या निरुपद्रवी नियमांत राहण्याचे धैर्य दे, असे त्याचे मागणे आहे.

ज्यांना हे स्वतः पडताळून पाहायचे आहे, त्यांनी इलियडच्या कोणत्याही चांगल्या भाषांतरात आधी पहिल्या सर्गातील १७७वी आणि पाचव्या सर्गातील ८९१वी ओळ शेजारी ठेवून वाचाव्यात, पाचवा सर्ग अंजिराच्या चिकाच्या उपमेच्या पुढे अगदी शेवटापर्यंत वाचावा आणि मग पंधराव्या सर्गातील ११०व्या ओळीपासून आरेसला खुर्चीवर बसवले जाते तिथपर्यंत यावे.